कोमट पाणी

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मला भेटले की हमखास विचारतात, "काय हो सिस्टर, एवढी वर्षं नोकरी केलीत आणि सगळी नाकात?" मी हसते आणि म्हणते, "हो, आणि थोडी कानात." मग ते स्वतःच्या सर्दीविषयी बोलायला लागतात. निवृत्त परिचारिकेला सगळे जण आपली दुखणी फुकट सांगतात, त्याला माझी हरकत नाही.

पण त्यांचा हिशेब बरोबर आहे. सिल्वासातल्या एका हॉस्पिटलात मी अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस नाक-कान-घशाच्या ड्रेसिंग रूममध्ये. मी मूळची साक्रीची. नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात, म्हणून आले आणि इथलीच झाले. इथे रुग्ण चार भाषांमधून खोकतात. कोणी मला 'सिस्टर' म्हणे, कोणी 'बेन', कोणी दोन्ही जोडून 'सिस्टरबेन'. आमच्या खानदेशातून आलेले कामगार मात्र दोन वाक्यांतच ओळखायचे आणि मी 'ताई' होऊन जायचे.

सायनसचं ऑपरेशन म्हणजे काय, ते आधी सांगते. कपाळाच्या मागे, गालांच्या आत, दोन डोळ्यांच्या मधोमध हाडांत पोकळ खोल्या असतात. प्रत्येक खोलीला नाकात उघडणारं एक बारीक दार असतं. ते दार सुजून किंवा आत मांस वाढून बंद झालं, की खोलीतला शेंबूड आतच राहतो आणि नासतो. डॉक्टर नाकातून दुर्बीण घालून वाढलेलं मांस काढतात आणि दारं मोठी करतात. बाहेर एक टाकासुद्धा दिसत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं, संपलं. खरं म्हणजे डॉक्टरांचं काम दीड तासाचं, आणि त्यानंतरचे दोन महिने आमचे. आतली जखम उघडी असते, तिच्यावर खपल्या धरतात, त्या दर आठवड्याला काढाव्या लागतात, नाक मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. शिवाय या खोल्यांचे शेजारी नाजूक. एका अंगाला डोळा, वर मेंदू, आणि मधली भिंत कागदाएवढी पातळ. म्हणून ऑपरेशननंतर आम्ही रुग्णाला बजावतो: नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, आणि डोळा सुजला किंवा नाकातून पाण्यासारखं पाणी गळलं तर आहात तसे निघून या.

सांगणं सोपं असतं. दुधनीचे एक आजोबा होते, मधुबन धरणात मासेमारी करणारे. ऑपरेशननंतर रक्त थांबावं म्हणून नाकात पट्टी भरून ठेवतात, ती दुसऱ्या दिवशी आम्ही काढतो. सकाळी मी ट्रे घेऊन गेले तर आजोबांच्या उशाशी दोन्ही पट्ट्या नीट घडी करून ठेवलेल्या, आणि सदरा छातीपर्यंत लाल. मी धावले. ते म्हणाले, "बेन, घाबरू नको. नाकात चिंध्या कोंबून माणूस कसा झोपणार? जाळ्यात अडकलेलं काढतो तसं काढलं, हळूहळू." रक्त थांबवायला आम्हाला अर्धा तास लागला. तेवढा वेळ ते मला जाळं कसं सोडवतात ते सांगत होते आणि मी त्यांचं नाक दाबून बसले होते.

दुसरे एक पुण्याचे इंजिनिअर, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी फोनवर म्हणाले, "सिस्टर, विशेष काही नाही, जरा सर्दी झालीय. फक्त उजव्याच नाकपुडीतून." मी विचारलं, "बुटाची नाडी बांधताना जास्त गळतं का?" ते म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं, "चव कशी आहे?" ते म्हणाले, "खारट. आणि थोडी गोडसर." मी म्हटलं, "गाडी तुम्ही चालवू नका, ड्रायव्हरला सांगा आणि आत्ता या." ते मेंदूभोवतीचं पाणी होतं. त्या कागदी भिंतीला केसाएवढी चीर गेली होती. डॉक्टरांनी ती बुजवली, साहेब दहा दिवस डोकं उंच ठेवून पडून राहिले आणि बरे झाले. 'विशेष काही नाही' हे शब्द माणसं नेमके कुठे वापरतात, हे मी त्या दिवसापासून लक्ष देऊन ऐकायला लागले.

या गोष्टी मी चारचौघांत पुष्कळदा सांगितल्या आहेत. त्यांत मी शहाणी दिसते. जी सांगायची म्हणून लिहायला बसले आहे, ती मात्र मी फारशी कोणाला सांगितलेली नाही.

रोहिदास हा शहादा तालुक्यातला. वय चाळिशीच्या आतबाहेर. सुताच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तो मुख्य स्वयंपाकी, आणि बायको वंदना तिथेच भाजी चिरायला आणि वाढायला. दोघं सामरवरणीला चाळीत एका खोलीत राहायचे. मुलगी गावाला आजीकडे शिकत होती. रोहिदासच्या दोन्ही नाकपुड्यांत द्राक्षाच्या घडासारखं मांस वाढलं होतं. दोन वर्षं तो तोंडाने श्वास घेत होता, पण त्याची तक्रार ती नव्हती.

"ताई, मले वासच येत नाही," तो म्हणाला. "आचारी माणूस मी. डाळ लागली तरी शेजारचा सांगतो तेव्हा कळतं. मागल्या महिन्यात दीडशे लोकांची डाळ करपली. आता फोडणी मी देतो आणि ही बाजूला उभी राहून सांगते, झालं, उतरव."

वंदना पुढे म्हणाली, "जिरं तडतडलं की कानाने कळतं हो. पण लसूण लाल झाला की काळा झाला, ते नाकानेच कळणार ना?"

आमचे पारेख डॉक्टर सज्जन आणि हाताला अतिशय हलके. त्यांनी ऑपरेशन केलं, ते उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. घरी जाताना मी दोघांना समोर बसवून नाक धुण्याची रीत समजावली. मऊ प्लास्टिकची बाटली दिली, मिठाच्या पुड्या दिल्या. "कोमट पाणी घ्यायचं, बाटली भरायची, एक पुडी टाकायची, बेसिनवर मान जराशी पुढे करून एका नाकपुडीतून पाणी घालायचं, दुसरीतून बाहेर येतं. दिवसातून तीनदा. कंटाळा करायचा नाही." वंदनाने मला दोनदा विचारलं, "कोमटच ना ताई? गार नाही, कडक नाही?" मी म्हटलं, "कोमट." छापील पत्रकही हातात दिलं.

आठवड्याने तो खपल्या काढायला आला. डॉक्टर दुर्बिणीतून बघत एकेक खपली ओढून काढत होते, मी नळी धरली होती. काम झालं, रोहिदास खुर्चीत नीट बसला आणि मान वळवून टेबलाखालच्या माझ्या पिशवीकडे बघू लागला.

"ताई, डब्यात मेथी आहे का?"

मेथीच होती. लसूण घातलेली. तो खुर्चीतून उठला, पिशवीजवळ उकिडवा बसू लागला तेव्हा मी ओरडले, "वाकायचं नाही सांगितलंय ना!" मग मीच डबा काढून त्याच्या नाकाशी धरला. त्याने डोळे मिटले. वंदना दाराशी उभी होती, ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली. पारेख डॉक्टर त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "सिस्टर, आज तुमचा डबा पेशंटला द्या ने." मी खरोखरच दिला.

तिसऱ्या आठवड्यात वंदना आत आली तेव्हा तिने पदर नाकाला लावला होता. रोहिदास मागे. त्याने तोंड उघडायच्या आधीच मला वास आला. आमच्या कामात डोळ्यांइतकंच नाक चालतं. साधा पू एक वास देतो, जुनं रक्त दुसरा. हा वेगळा होता, गोडसर, नासलेल्या फळासारखा.

"ह्यांना काही कळत नाही," वंदना म्हणाली. "चार दिवस झाले. मी म्हटलं कँटीनच्या मोरीचा वास अंगाला लागलाय. पण घरी पण तोच. आणि ह्यांना पुन्हा काहीच वास येत नाही."

डॉक्टरांनी दुर्बीण घातली. ज्या खोल्या आठवड्यापूर्वी गुलाबी आणि स्वच्छ होत्या, तिथे हिरवट पू चिकटला होता. त्यांनी तो काढला, थोडा तपासणीला पाठवला, गोळ्या बदलल्या. मी विचारलं, "नाक धुता ना रोज?" रोहिदास दुखावल्यासारखा झाला. "ताई, एक वेळ चुकली नाही. तीनाच्या जागी चार वेळा करतो."

"चांगलं करता," मी म्हटलं. "असंच चालू ठेवा."

हे वाक्य मी बोलले. आजही मी ते विसरू शकत नाही.

तो गुरुवार होता. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी वॉर्डात होते, तेव्हा वंदना त्याला रिक्षातून घेऊन आली. डावा डोळा सुजून बंद झालेला, पापणी जांभळट, तापाने अंग फणफणलेलं. मी त्याला बसवलं, बोटांनी पापणी उचलली. बुबुळ जरासं पुढे आलं होतं. "वर बघा, बाजूला बघा," म्हटलं तर तो कळवळला.

डोळ्यामागे पू साठत असेल, तर सगळ्यांत आधी लाल रंग फिका पडतो. नजर जायच्या आधीची ती खूण. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. मी इंजेक्शनच्या बाटलीचं लाल टोपण घेतलं आणि त्याचा डावा डोळा झाकला.

"कोणता रंग?"

"लाल."

मग उजवा झाकला, डाव्याची पापणी उचलून धरली. "आता?"

त्याने थोडा वेळ पाहिलं. "लालच. पण ताई, हे टोपण दुसरं आहे का? उन्हात विटल्यासारखं दिसतंय."

टोपण तेच होतं. मी ते खिशात टाकलं आणि पारेख डॉक्टरांना फोन लावला. ते नातेवाइकांकडे वापीला निघाले होते, वाटेतूनच वळले. स्कॅन झाला. सायनस आणि डोळा यांच्या मधल्या पातळ हाडाच्या पलीकडे पुवाची पिशवी तयार झाली होती आणि ती डोळ्याला ढकलत होती. नेत्रतज्ज्ञ आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, उशीर करू नका.

वंदना सहीच्या कागदापाशी अडली. "मागच्या वेळी सही केली तेव्हा वास यायचा होता," ती म्हणाली. "आता कशासाठी करू?"

"डोळ्यासाठी," मी म्हटलं.

"वाचेल?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "लवकर केलं तर बहुतेक वाचेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की ते 'बहुतेक' मला परत घ्यावंसं वाटलं. मग तिने सही केली.

दुपारी बारा वाजता त्याला आत घेतलं. माझी पाळी संपत आली होती, पण घरी गेले नाही. थिएटरात पडद्यावर मी त्या खोल्या पाहत होते, ज्या मी स्वतः दोन वेळा धुतल्या होत्या. डॉक्टरांनी भिंतीचा तुकडा अलगद बाजूला केला आणि पू बाहेर आला, बराच आला. डॉक्टरांनी डोळ्यावर बोट ठेवून तो मऊ पडल्याची खात्री केली आणि तेव्हा कुठे खांदे सैल सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपण घेऊन त्याच्या खाटेपाशी गेले. एक डोळा, दुसरा डोळा. "दोन्हीकडे सारखं लाल आहे ताई," तो म्हणाला. मी वंदनाला सांगायला बाहेर आले, तर ती पायरीवर बसल्या बसल्या झोपली होती. मी तिला उठवलं नाही, शेजारी बसून राहिले.

मंगळवारी तपासणीचा अहवाल आला. जंतू असा होता, जो ओल्या जागी राहतो. नळ, टाक्या, साचलेलं पाणी. पारेख डॉक्टरांचा चेहरा उतरला. "सिस्टर, हा आपल्याकडून तर गेला नाही?"

त्या विभागाची जबाबदारी माझी होती. मी बेसिन, नळी, दुर्बीण, द्रावणाच्या बाटल्या, सगळ्यांचे नमुने घेतले. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. सगळे नमुने निर्दोष आले. खरं सांगते, मला एवढं हलकं वाटलं की मी ड्रेसिंग रूमचं दार लावून आत एकटीच हसले.

मग मी वंदनाला विचारलं, "घरी नाक धुवायला पाणी कोणतं घेता?"

"कोमट," ती लगेच म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसंच."

"कोमट कसं करता?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. "या ना घरी, दाखवते."

दुपारी पाळी संपल्यावर मी तिच्याबरोबर सामरवरणीला गेले. चाळीच्या मागे, जिन्याशेजारी, पत्र्यावर काळ्या प्लास्टिकचा एक मोठा कॅन उन्हात ठेवला होता. तोंड उघडं. वंदनाने मला हाताने ओढून तिथे नेलं. तिच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं काहीतरी होतं.

"बरोबर दोन वाजता होतं ताई. आणि संध्याकाळपर्यंत राहतं. मी रोज हात घालून बघते. तुम्ही बघा."

मी हात घातला. पाणी नेमकं कोमट होतं. मी स्वतः केलं असतं तरी मलाही याहून अचूक जमलं नसतं. बोटं कॅनच्या आतल्या भिंतीला लागली, तिथे शेवाळ होतं, गुळगुळीत.

बाटली मोरीत खिळ्याला उलटी टांगली होती. ती मी उजेडाकडे धरली. आत तळाशी गुलाबी, बुळबुळीत थर. "आतून कधी धुतली?" मी विचारलं.

"त्यात मिठाचंच पाणी असतं ना? ती तर रोज धुतलीच जाते."

मी बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. "ही मी नेते. नवीन देते," एवढंच बोलले. चहा घेतला. चांगला होता, आलं घातलेला. घोट घोट घेत मी आठवत होते, मी काय सांगितलं होतं. पूर्वी रुग्ण आठ-आठ दिवस वॉर्डातच राहायचे. नाक धुवायला पाणी वॉर्डातून जायचं, ते उकळून गार केलेलंच असायचं. तेव्हा 'कोमट' म्हटलं की झालं. पुढे लोक दुसऱ्या दिवशी घरी जायला लागले, पण माझं वाक्य तेच राहिलं. 'उकळून' माझ्या डोक्यात राहिलं, तोंडातून फक्त 'कोमट' बाहेर पडत गेलं. रोज. कित्येकांसमोर.

दुसऱ्या दिवशी मी पारेख डॉक्टरांसमोर बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी खणातून आमचं पत्रक काढलं. "इथे लिहिलं आहे. उकळलेलं पाणी, बाटली रोज साफ करायची. आपण लेखी दिलेलं आहे, सिस्टर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

पत्रक एका बाजूला इंग्रजीत होतं, दुसऱ्या बाजूला गुजरातीत. रोहिदासला मराठी वाचता येत होतं, वंदनालाही. त्या सबंध हॉस्पिटलात त्यांना समजेल असा एकच कागद होता, आणि तो मी होते.

त्या पत्रकाच्या आड लपता आलं असतं, आणि दोन दिवस मी लपलेही. रोहिदासच्या खाटेपाशी जायचे, ताप बघायचे, डोळा बघायचे, आणि तिसऱ्याच गोष्टी बोलून परत यायचे. शेवटी घरी सोडायच्या दिवशी दोघांना ड्रेसिंग रूममध्ये बोलावलं, त्याच जागी बसवलं आणि म्हटलं, "पाणी उकळून गार करून घ्यायचं असतं. मी तुम्हाला ते सांगितलंच नव्हतं. तुम्ही मी सांगितलं तसंच केलं. चूक माझी झाली."

रोहिदास मान खाली घालून बसला. वंदना हळू आवाजात बोलली, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी दोनदा विचारलं होतं ताई."

"हो."

"मी म्हटलं होतं, कोमटच ना?"

"हो, विचारलं होतं."

"तुम्ही म्हणाल्या असत्या, तर दिवसातून चारदा उकळलं असतं. चारदा! दीडशे माणसांचं पाणी उकळतो आम्ही रोज." तिने पिशवी उचलली. "आणि गुरुवारी आम्ही आलो, तेव्हा म्हणाल्या, असंच चालू ठेवा."

मला वाटलं होतं, तिला ते आठवत नसेल.

पुढचे पाच आठवडे रोहिदास खपल्या काढायला यायचा, पण वंदना काउंटरवरच सांगायची, "दुसऱ्या सिस्टर असतील तेव्हा बोलवा." काउंटरवरच्या मुलीने मला संकोचून हे सांगितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं." मी बाजूच्या खोलीत कानाची औषधं घालत बसायचे आणि भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकायचे. आपल्या हातातला रुग्ण आपल्यालाच नको म्हणतो, हे मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. रागवायला मला जागा नव्हती.

त्या पाच आठवड्यांत मी दोन कामं केली. पत्रक मराठीत आणि हिंदीत लिहून काढलं, मोठ्या अक्षरांत, आणि डॉक्टरांच्या मागे लागून छापून घेतलं. आणि सांगायची पद्धत बदलली. आता मी सांगत नव्हते, विचारत होते. "पाणी कुठून भरता? कशात तापवता? आता मला करून दाखवा." एका रुग्णामागे पंधरा मिनिटं जास्त जायची. बाहेरची रांग कुरकुरायची. कुरकुरू दिली. त्याच सुमारास मी जुने कागद काढून पाहिले. ऑपरेशननंतर पू होऊन परत आलेले किती तरी जण. त्यांतल्या किती जणांच्या घरी उन्हात कॅन होता, ते आता कळायला मार्ग नाही. डोळा कुणाचा गेला नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

रोहिदासला पूर्वीसारखा वास पुन्हा आला नाही. सहा महिन्यांनी कांदा कळायला लागला, फिनाईल कळायला लागलं, आणि मग थोडा लसूण. हिंग नाही, कोथिंबीर नाही. डॉक्टर म्हणाले, आला तेवढा आला. कँटीनमध्ये फोडणीचं काम वंदनाने घेतलं, आणि काही दिवसांनी मुख्य स्वयंपाकाचंच. रोहिदास पोळ्यांवर गेला. सुरुवातीला त्याला ते फार लागलं. एकदा बाजारात भेटला तेव्हा मी विचारलं, कसं चाललंय. तो म्हणाला, "चाललंय ताई. लोक तिची आमटी वाटी तोंडाला लावून पितात. मी करत होतो तेव्हा कुणी पीत नव्हतं." हसला, पण पूर्ण नाही.

माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते, तेव्हा एका सकाळी वंदना ड्रेसिंग रूमच्या दारात उभी राहिली. तिच्याबरोबर खानवेलची एक बाई होती, लखमी, कँटीनमध्ये भांडी घासणारी. नाकाला पट्टी. आदल्याच दिवशी तिचं सायनसचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या सिस्टर रजेवर होत्या. वंदना मला बघून क्षणभर थांबली. मग लखमीला आत घेऊन आली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून.

मी सुरुवात केली. इतक्या काळजीने मी परीक्षेतसुद्धा उत्तर दिलं नसेल. "पाणी खळाखळा उकळायचं. मग झाकून ठेवायचं, कोमट होईपर्यंत. बाटली रोज आतून..."

"थांबा ताई," वंदना म्हणाली. ती लखमीकडे वळली. "तुझ्या घरी झाकण आहे का?"

लखमीने मान हलवली. "नाय. पातेलं हाय. वर कपडा टाकते."

"कोणता कपडा?"

लखमीने आपल्या पदराकडे पाहिलं.

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. कँटीनमध्ये हाताखालच्या बाईने भाजी नीट निवडली नसली की जशी पाहत असेल, तशी होती. इतक्या लोकांना 'झाकून ठेवा' सांगितलं, पण झाकण आहे का, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

मी आतल्या खोलीत गेले. उपकरणं उकळायची जुनी स्टीलची भांडी वरच्या फळीवर पडून होती. त्यातल्या एकाचं झाकण काढलं, पुसलं आणि आणून लखमीसमोर धरलं. लखमीने हात पुढे केला, पण वंदनाने ते मधेच घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं आणि लखमीच्या हातात दिलं.

"हे आधी उकळायचं," ती लखमीला म्हणाली. "आणि आता मला सगळं पहिल्यापासून सांग."